मॅट्रिक्स लिहिल्याने पान पळत नाही

सीएसएस, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा, शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: रोटेट (फिरवणं), स्केल (लहान-मोठं करणं), ट्रान्सलेट (सरकवणं) ही नवशिक्यांची खेळणी, जाणकार थेट मॅट्रिक्सचे, म्हणजे हे सगळे बदल एकत्र सांगणारे, सहा आकडे लिहितो. रोटेटचं मॅट्रिक्समध्ये रूपांतर करण्याचे ब्राउझरचे कष्ट वाचतात, ॲनिमेशन जीपीयूवर (चित्रं रंगवणाऱ्या वेगळ्या चिपवर) जातं आणि सहा आकड्यांत सगळं मावतं, म्हणे.

रूपांतर होतं, हे खरं. ३० अंशांच्या रोटेटचे शेवटी ०.८६६, ०.५, -०.५, ०.८६६, ०, ० असेच आकडे होतात. पण त्याला लागतं काय? एक साइन, एक कोसाइन. पान अडखळतं ते लेआउट (कुठली गोष्ट कुठे बसेल याचा हिशोब) आणि पेंट (ती रंगवणं) पुन्हा पुन्हा करावे लागल्यामुळे.

जीपीयूचंही तेच. ‘लेफ्ट’ (डावीकडून अंतर) किंवा ‘विड्थ’ (रुंदी) बदलण्याऐवजी ‘ट्रान्सफॉर्म’, म्हणजे रोटेट किंवा मॅट्रिक्स ज्यात लिहितात तो गुणधर्म, वापरा, हा सल्ला सोळा आणे बरोबर. पण त्यात रोटेट लिहिलंय की मॅट्रिक्स, याने काही फरक पडत नाही.

उलट ॲनिमेशनमध्येच मॅट्रिक्स तोंडघशी पाडतो. लोडर, म्हणजे पान उघडेपर्यंत फिरणारं चक्र, ० ते ३६० अंश फिरवायचाय. रोटेट लिहा, पूर्ण गिरकी मिळते. मॅट्रिक्समध्ये मात्र दोन्ही टोकांना १, ०, ०, १, ०, ०. लोडर ढिम्म! २७० अंश फिरवायला गेलात, तर तो ९० अंश उलटा फिरतो. किती फिरायचं हे आकड्यांत उरतच नाही, फक्त कुठे पोचायचं ते उरतं. मग ब्राउझर जवळची वाट धरतो.

‘सगळं मावतं’ हेही खोटं. सरकवण्यासाठीच्या शेवटच्या दोन जागी नुसता आकडा चालतो, टक्के नाहीत. म्हणजे चौकट मध्यभागी आणणारा उणे ५० टक्क्यांचा ट्रान्सलेट गेला. दूर जाणाऱ्या रस्त्यासारखा निमुळता आकार हवा, तर सोळा आकड्यांचा मॅट्रिक्स-थ्रीडी लागतो.

हा सल्ला मला जुन्या दिवसांचा अवशेष वाटतो. इंटरनेट एक्सप्लोरर ८ पर्यंत ‘ट्रान्सफॉर्म’ नव्हतंच; तिरकं काही दाखवायचं तर मायक्रोसॉफ्टच्या मॅट्रिक्स फिल्टरमध्ये साइन-कोसाइन हाताने भरावे लागत.

मॅट्रिक्स वाचता मात्र यावा. ब्राउझरमधल्या डेव्हटूल्स या तपासणीच्या साधनाच्या कम्प्युटेड टॅबमध्ये तोच दिसतो. पहिले दोन आकडे ०.८६६ आणि ०.५ असले आणि आकार बदललेला नसला, की कोन ३० अंश. तोही घड्याळाच्या दिशेने, शाळेतल्या आलेखाच्या उलट, कारण पडद्यावर वाय-अक्ष खाली वाढतो.