‘घरात बसून आफ्रिका’ म्हणणाऱ्या वाचकास

‘जुना वाचक’ यांस नमस्कार.

‘आफ्रिकेतला कोरोना: काय खरं, काय खोटं’ या माझ्या लेखाखाली काल रात्री तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती इथे जशीच्या तशी देतो:

“घरात बसून, चार इंग्रजी बातम्यांचं भाषांतर करून आफ्रिकेवर ज्ञान पाजळू नये. टांझानियात मोजणीच बंद होती म्हणता, मग माणसं मेली हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिथली लोकसंख्या तरुण, म्हणून मृत्यू कमी, इतकं साधं गणित आहे. बीसीजीबद्दल एक शब्द नाही. पुण्याची लस त्यांनी जाळली, तेही सोयीस्कर विसरलात. आणि आफ्रिकेतला पहिला रुग्ण नायजेरियात नव्हे, इजिप्तमध्ये सापडला.”

शेवटचा मुद्दा आधी घेतो. तुमचं बरोबर आहे. इजिप्तने पहिला रुग्ण 14 फेब्रुवारी 2020 ला जाहीर केला. नायजेरियातला, म्हणजे इटलीहून लागोसला आलेला माणूस, त्याच महिन्याच्या शेवटी सापडला आणि तो सहाराच्या दक्षिणेकडचा पहिला. ‘सहाराच्या दक्षिणेकडचा’ एवढे शब्द लिहिताना सुटले. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता ‘घरात बसून’.

मी 2013 च्या जूनमध्ये टांझानियातल्या दारेसलाम शहरात गेलो आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये परत आलो. आठ वर्षं एका प्लास्टिकच्या कारखान्यात हिशेब बघत होतो, उपांगा भागात भाड्याने राहत होतो, भाजी कारियाकोच्या बाजारातून आणत होतो. तुम्ही खरंच जुने वाचक असाल, तर या ब्लॉगवरचे दारेसलामचे जुने लेख तुमच्या नजरेतून सुटले कसे, हा प्रश्न मला पडतो. असो.

2020 च्या एप्रिल-मेमध्ये टांझानियाचा आकडा 509 रुग्ण आणि 21 मृत्यूंवर थांबला. पुढे वर्षभर जगाच्या तक्त्यात तोच आकडा दिसत राहिला. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी सांगितलं की पपईचे आणि शेळीचे नमुने माणसांची नावं देऊन प्रयोगशाळेत पाठवले आणि ते पॉझिटिव्ह आले, तेव्हा चाचण्यांवर विश्वास कसा ठेवायचा? हे भाषण मी कुठल्या इंग्रजी बातमीतून उचललेलं नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, टीव्हीसमोर, ऐंशी कामगारांबरोबर उभा राहून स्वाहिलीत ऐकलं. लोक हसले, टाळ्याही पडल्या. मीही त्या दिवशी गप्प बसलो, कारण परक्या देशात पोटासाठी राहणारा माणूस गप्पच बसतो. तुम्हाला हे ‘भाषांतर’ वाटत असेल तर माझा नाइलाज आहे.

माणसं मेली हे कुणी सांगितलं, असं विचारता. माझ्या व्हाउचरच्या फाईलने सांगितलं. तिथे कामगाराच्या घरी मृत्यू झाला की कंपनीकडून ‘रांबीरांबी’ म्हणून पैसे जातात, पाकिटात घालून, सांत्वनाचे. 2019 च्या अख्ख्या वर्षात मी अशी तीन व्हाउचर केली होती. 2021 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात केली. सातव्यावर आमच्या स्टोअरकीपरच्या बायकोची सही आहे. स्टोअरकीपरना आम्ही सगळे नुसतं ‘म्झे’ म्हणायचो, वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं. आठवडाभर खोकत कामावर येत होते. स्टोअरच्या मागे घोंगडी डोक्यावरून घेऊन ‘न्युंगू’ म्हणजे पाल्याची वाफ घ्यायचे, आलं-लिंबाचं पाणी प्यायचे. एका सकाळी त्यांना सिमेंटच्या तीन पायऱ्या चढवेनात. दुसऱ्या पायरीवर बसले आणि हाताने मला ‘थांब’ अशी खूण केली, कारण बोलायला श्वास पुरत नव्हता. मी माझ्या गाडीतून त्यांना एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे चाचणी केली नाही. कागदावर ‘न्यूमोनिया’ लिहिलं. डॉक्टर तोंडी म्हणाले, “चांगामोतो या उपुमुआजी”, श्वसनाची अडचण. त्या दोन महिन्यांत प्रत्येक मयतीला हाच शब्द ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी म्झे गेले. त्यांचं नाव त्या 21 मध्ये नाही.

हा शब्द फक्त गरिबांच्या घरी नव्हता. टांझानियाचाच भाग असलेल्या झांझिबारचे उपाध्यक्ष सैफ शरीफ हमद 17 फेब्रुवारी 2021 ला वारले. त्यांना कोविड झाल्याचं त्यांच्याच पक्षाने आधी सांगितलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात टांझानियाचे तेव्हाचे अर्थमंत्री फिलिप म्पांगो कॅमेऱ्यांसमोर दम लागत, खोकत बोलले आणि ते सगळ्या देशाने पाहिलं. हे तुम्ही पाहिलंत का? मी पाहिलं.

तुम्ही म्हणाल, सात व्हाउचर म्हणजे पुरावा नव्हे. तर मग शेजारच्या झांबियात चला. लुसाकाच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या शवागारात 2020 च्या जून ते सप्टेंबरमध्ये संशोधकांनी 364 मृतदेहांचे नमुने तपासले. 70 जणांत विषाणू सापडला. त्यातले 51 रुग्णालयाबाहेर मेलेले होते आणि त्यांतल्या एकाचीही जिवंतपणी चाचणी झालेली नव्हती. रुग्णालयात मेलेल्या उरलेल्या 19 पैकी 6 जणांची झाली होती. न मोजलेलं आणि न घडलेलं यांतला फरक माझ्या लेखात आठ परिच्छेदांत सांगितला आहे. तुम्ही त्यावर एका ओळीत पाणी ओतलंत आणि वर शैली अशी, की जणू मी तुमच्या दारात काही विकायला आलो होतो.

लोकसंख्या तरुण, हे खरंच आहे. खंडाचं मध्यम वय 20 च्या आसपास आहे आणि त्याने मृत्यू कमी होतात. पण दक्षिण आफ्रिकेतही लोकसंख्या तरुणच आहे ना? तिथे मृत्यूची नोंदणी चांगली, म्हणून हिशेब लागला. कोविडचे नोंदलेले मृत्यू लाखाच्या थोडे वर, आणि तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मोजलेले जादा मृत्यू, म्हणजे एरवी होतात त्यापेक्षा जास्तीचे, 3 लाखांच्या घरात. साधं गणित तिथे का बसलं नाही ते तुम्हीच सांगा.

बीसीजीची, म्हणजे क्षयावरची लस कोरोनापासूनही वाचवते का, यावर स्वतंत्र लेख होईल, इथे नको.

राहिली पुण्याची लस. मलावीने मे 2021 मध्ये 19,610 डोस जाळले, आणि ते सीरममध्येच बनलेले होते, बरोबर. पण आफ्रिकन युनियनकडून 1 लाख 2 हजार डोस तिथे पोचले 26 मार्चला, आणि त्यांची मुदत होती 13 एप्रिल. अठरा दिवस! आपल्याकडे तालुक्याला पोचायला तेवढे लागले असते. त्यांनी त्यातले बहुतेक टोचले. उरलेले लोकांसमोर जाळले, ते यासाठी की मुदत संपलेली लस कुणाला दिली जात नाही हे दिसावं. ‘त्यांनी आपली लस जाळली’ असं म्हणणाऱ्याने एकदा खोक्यावरची तारीख वाचावी.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. लेखातलं आणखी एखादं वाक्य चुकीचं वाटत असेल तर ते वाक्य उचलून दाखवा, मी नक्की उत्तर देईन. पण म्झेंना त्या पायरीवर बसलेलं मी पाहिलं आहे. मला ‘घरात बसून’ हे पुन्हा म्हणू नका.