‘कोचलाच टॅग अपचा नियम माहीत नाही’ या आमच्या बेसबॉल वर्गाच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहिते.

वर्ग दोनदा वीस-वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, ही चूक आमचीच. तुमचे फोन उचलले गेले नाहीत, तीही आमचीच. त्याबद्दल मनापासून माफी मागते. आधीची बॅच केजमधून, म्हणजे जाळीने बंद केलेल्या सरावाच्या जागेतून, वेळेत बाहेर निघत नाही, त्याचं काहीतरी करतेच आहे.

पण ‘सहा आठवड्यांचे २४० डॉलर घेतात, मुलाचा रन डोळ्यांदेखत काढून घेतला आणि कोच गप्प उभा’, हे वाचून रात्री झोप लागली नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ही जागा भाड्याने घेऊन मी आठ वर्षं मुलांना शिकवते आहे. नवीन पालक आधी रिव्ह्यू बघतात आणि मगच चौकशी करतात. त्यामुळे शनिवारी काय झालं ते इथेच लिहिते.

एक आऊट झालेला होता. तुमचा मुलगा तिसऱ्या बेसवर. बॅटरने डावीकडे उंच मारला आणि आऊटफिल्डर बॉलखाली येऊन उभा राहिला. कॅच झाला तर रनरला आपल्या बेसवर पाय ठेवूनच निघावं लागतं, यालाच टॅग अप म्हणतात. बॉलचा फिल्डरला पहिला स्पर्श झाला की तो निघू शकतो. कॅच पक्का होईपर्यंत थांबायचं नसतं. बॉल ग्लव्हमध्ये उडाला, दोनदा उसळला, तरी पहिला स्पर्श हाच धरायचा. आम्ही यासाठी टेनिस बॉल मुद्दाम ग्लव्हवर आपटून उसळवतो आणि मुलांना त्या पहिल्या ‘टप्’ आवाजावर पळवतो. तुमच्या मुलाला हे उत्तम जमतं. गेल्या गुरुवारी दहापैकी नऊ वेळा तो बरोबर निघाला, मी शेजारी उभी राहून मोजलं आहे.

शनिवारी मात्र बॉल हवेत असतानाच त्याने बेस सोडला. चांगली दोन पावलं आधी. कॅच झाला, तो दुसरा आऊट. तो होमला, म्हणजे जिथे रन पूर्ण होतो तिथे, पोहोचला, थ्रो उशिरा आला, अंपायरने ‘सेफ’ दाखवलं. तुम्ही म्हणता, ‘एकदा सेफ दिल्यावर निकाल फिरवला’. तसं नाही. तो ‘सेफ’ फक्त होमवरच्या थ्रोपुरता होता. रनर लवकर निघाला हे अंपायरने पाहिलं असलं तरी समोरच्या संघाने विचारल्याशिवाय तो बोलत नाही. आपल्या क्रिकेटमध्येही फिल्डिंग करणाऱ्या संघाने अपील केल्याशिवाय अंपायर आऊट देत नाही ना, तसंच हे. कॅचरने बॉल तिसऱ्या बेसवर फेकला, तिथल्या मुलाने बॉल हातात घेऊन बेसवर पाय ठेवला आणि ‘हा लवकर निघाला’ असं सांगितलं. पुढचा पिच पडायच्या आत केलेलं रीतसर अपील होतं ते. तिसरा आऊट, म्हणजे बॅटिंगची पाळी संपली, आणि जो आऊट झाला त्याचाच रन, मग तो धरणार कसा? कोच गप्प राहिले कारण अंपायरचं बरोबर होतं. खोटा वाद घालून मुलांना काय शिकवायचं?

‘दोन आठवड्यांपूर्वी असंच अपील झालं तेव्हा रन धरला, आता नाही’ हाही तुमचा आक्षेप आहे. त्या दिवशी पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर होते, आऊट एकच. कॅच झाला, दुसरा आऊट. तिसऱ्यावरचा मुलगा नीट टॅग अप करून होमला पोहोचला. त्यानंतर पहिल्यावरच्यावर अपील झालं, कारण लवकर निघाला होता तो. तिसरा आऊट तो झाला, पण रन त्याआधीच पूर्ण झालेला होता. हा फोर्स आऊट (मागून बॅटर येतो म्हणून पुढच्या बेसवर जावंच लागणाऱ्या रनरचा आऊट) नसतो, कॅच झाल्यावर बॅटरच आऊट होतो आणि फोर्स उरत नाही. म्हणून तो रन धरला. यात भलेभले चुकतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एप्रिल २००९ मध्ये डॉजर्स संघाचा आंद्रे ईथियर टॅग अप न करता तिसऱ्यावरून होमला आला. समोरच्या डायमंडबॅक्स संघाने दुसऱ्या बेसवर दुसऱ्याच रनरला तिसरा आऊट केलं आणि ईथियरवर अपील न करताच मैदान सोडलं. तो आधीच होमला पोहोचला होता, त्यामुळे रन धरला गेला. हे मी पहिल्याच वर्गात सांगते. तुम्ही त्या दिवशी मुलाला सोडून लगेच गेला होतात.

आता एक गोष्ट, जी मी इथे लिहिणार नव्हते. बॉल हवेत असताना आमच्या कोचने हात वर करून त्याला थांबवलं होतं. त्याच क्षणी कुंपणामागून ‘पळ, पळ!’ असा आवाज आला. आमचे कोच मराठी बोलत नाहीत. अकरा वर्षांचं मूल कोचचं ऐकेल की वडिलांचं? त्याने मान वळवून तुमच्याकडे बघितलं आणि धाव घेतली, हे मी डगआऊटमधून, म्हणजे खेळाडू बसतात तिथून, पाहिलं. तुमचा हेतू चांगलाच होता, पण दोष आमच्या शिकवण्यावर आला याचं वाईट वाटतं. मी स्वतः शाळेत असताना जळगावला सॉफ्टबॉल खेळले, तिथेही टॅग अप असाच होता. नियम माहीत नाही असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

पालकांसाठीही एखादा वर्ग ठेवावा असं मनात आहे, बघू, लवकरच कळवते. मंगळवारी तुमचा मुलगा आला नाही. त्याचे दोन वर्ग शिल्लक आहेत. पाठवलंत तर आनंदच आहे, नाहीतर त्या दोन वर्गांचे ८० डॉलर परत देते. त्याचं हेल्मेट ऑफिसमध्ये ठेवलं आहे, सहानंतर कधीही या.