आर्विस्टली नक्की कोणाची? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया शांतपणे दोनदा वाचली. लांबलचक आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की वेल्समधल्या सेव्हर्न नदीच्या वरच्या खोऱ्यातला आर्विस्टली हा मुलूख मुळात पोविस या वेल्श राज्याचा. उत्तरेच्या ग्विनेद राज्याच्या लूएलिनने तो बळकावला होता, १२७७ साली इंग्लंडकडून हरल्यावर तो त्याच्या हातून गेला, आणि मग त्याने इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डकडे अन्यायाची ओरड सुरू केली. एवढ्याशा खोऱ्याला १२८२ च्या वेल्स-इंग्लंड युद्धाचं कारण ठरवणं ही अतिशयोक्ती आहे, असंही तुम्ही लिहिलं आहे.

आधी माझी चूक कबूल करते. लेखात मी आर्विस्टलीला ‘ग्विनेदकडून हिरावलेला भाग’ म्हटलं होतं. ते चुकलंच. पण ‘मुळात पोविसचा’ हेही तितकंच चूक आहे. बाराव्या शतकात या खोऱ्याचं स्वतःचं राजघराणं होतं. त्यातल्या हवेल अब येयाफने ११६२ साली पश्चिमेच्या शेजारातला टाव्होल्वेर्नचा किल्ला घेतला. तेव्हा ग्विनेदचा राजा ओवाइन नुकत्याच वारलेल्या आईच्या शोकात होता. ही बातमी ऐकून तो आणखीच खचला, असं वेल्श बखर सांगते. मग तो उठला, थेट आर्विस्टलीतल्या लांडिनामपर्यंत मुलूख लुटत गेला आणि सेव्हर्नच्या काठी हवेलच्या माणसांची कत्तल केली. हा ओवाइन म्हणजे आपल्या लूएलिनचा खापरपणजोबा. हवेल ११८५ मध्ये गेला आणि ११९७ मध्ये पोविसच्या ग्वेनविन्विनने हा मुलूख गिळला. म्हणजे पोविसची मालकीसुद्धा तलवारीचीच.

त्यात एक गोष्ट नकाशावर बघितल्याशिवाय ध्यानात येत नाही. आर्विस्टलीतली चर्चेस बँगोरच्या बिशपच्या अखत्यारीत होती. बँगोर हे ग्विनेदचं धर्मपीठ, पार उत्तरेच्या किनाऱ्यावर. बाकीचा पोविस मात्र मुख्यतः सेंट असाफच्या बिशपकडे. नदीवरच्या टेकाडावर उभं असलेलं लांडिनामचं चर्च या मुलखाचं मातृचर्च. तिथल्या पाद्र्याची नजर डोंगर ओलांडून ग्विनेदकडे लागलेली असायची. जुना संबंध सांगायला लूएलिनकडे एवढं नक्की होतं.

पुढचा हिशेब भराभर मांडते, कारण खरा विषय तो नाही. १२१६ मध्ये थोरल्या लूएलिनने, म्हणजे आपल्या लूएलिनच्या आजोबांनी, ग्वेनविन्विनला हाकललं. १२४१ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या मदतीने ग्वेनविन्विनचा मुलगा ग्रिफिद परत आला. १२५७ मध्ये पुन्हा बाहेर, १२६३ मध्ये आपल्या लूएलिनचा मांडलिक होऊन पुन्हा आत. १२७४ मध्ये लूएलिनने डोल्व्होर्विनच्या किल्ल्यात दरबार भरवून ग्रिफिदवर अविश्वासाचा ठपका ठेवला आणि आर्विस्टली काढून घेतली.

इथे तुम्ही म्हणता, फिर्यादीही तोच आणि न्यायाधीशही तोच. मान्य. पण त्याचा संशय पोकळ नव्हता. ग्रिफिदच्या मुलाने, ओवाइनने, नंतर बँगोरच्या बिशपपुढे कबुली दिली की त्याच वर्षी २ फेब्रुवारीला लूएलिनला ठार मारायचं ठरलं होतं. कटात लूएलिनचा सख्खा भाऊ दाव्हिद होता. बेत फसला तो बर्फाच्या वादळामुळे. मग लूएलिनने जाब विचारायला माणसं पाठवली. ग्रिफिदने त्यांना जेवूखाऊ घातलं, नंतर कोंडून ठेवलं आणि इंग्लंडातल्या श्रूजबरीला पळून गेला. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, तरी ही गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो.

आता मुख्य मुद्दा. ९ नोव्हेंबर १२७७ च्या अॅबरकॉन्वीच्या तहात लूएलिनने खूप काही गमावलं, पण एक कलम त्याच्या पदरात पडलं: वेल्समध्ये उद्भवलेले वाद वेल्श कायद्याने सोडवायचे, इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या पट्ट्यातले, म्हणजे ‘मार्च’मधले, वाद मार्चच्या रिवाजाने. तुम्ही म्हणता त्याने ओरड केली. त्याने तर दावा लावला. १२७८ च्या सुरुवातीला, राजानेच नेमलेल्या वॉल्टर द हॉप्टनच्या न्यायमंडळापुढे, तहाच्या शब्दांवर बोट ठेवून. ग्रिफिदने उलट सांगितलं की मी मार्चचा सरदार आहे, माझा न्याय इंग्लंडच्या कायद्याने करा. वेल्श बापाचा वेल्श मुलगा, जमीन पिमलिमोन डोंगराच्या कुशीतली, आणि वेल्श कायदा नको!

प्रश्न सोपा होता: आर्विस्टली वेल्समध्ये आहे की नाही? त्यावर निकाल यायला हवा होता. आल्या त्या तारखा. लूएलिनच्या वकिलाने सांगितलं, की राजाच्या फ्रान्समधल्या गॅस्कनी मुलखात गॅस्कन लोकांचा कायदा चालतो, स्कॉटलंडमध्ये स्कॉटांचा, आयर्लंडमध्ये आयरिशांचा, आणि त्याने राजाचा मुकुट थोर होतो, लहान नाही. मग वेल्श माणसालाच का नाही? १२८०-८१ मध्ये राजाने वेल्श कायदा नेमका कसा चालतो याची चौकशी लावली, ठिकठिकाणी साक्षी घेतल्या, तरी दावा जागच्या जागीच. न्याय्य आणि वाजवी तेवढेच वेल्श रिवाज पाळीन, अशी एडवर्डची भूमिका. वाजवी काय, हे ठरवणार तोच. कँटरबरीचा आर्चबिशप पेकम तर वेल्श कायद्याला सैतानाची प्रेरणा म्हणून मोकळा झाला.

याला तुम्ही ‘कायद्याची संथ चाल’ म्हणता. मला ते पटत नाही. दावा फेटाळला असता तर तो निकाल झाला असता, त्यावर भांडता आलं असतं. इथे हो नाही आणि नाहीही नाही. लूएलिनने स्वतः राजाला कळवलं होतं की या जमिनीतून मिळेल त्या लाभापेक्षा मला होणारी नाचक्की जास्त जाचते. ‘एवढंसं खोरं’ या तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

मार्च १२८२ मध्ये इंग्रजांच्या हावर्डन किल्ल्यावर हल्ला करून युद्ध पेटवलं ते दाव्हिदने, लूएलिनने नाही, हे तुमचं बरोबर आहे. आर्विस्टली हे एकमेव कारण असा माझ्या लेखाचा अर्थ निघत असेल तर ते वाक्य मी बदलते. पण त्याच वर्षी पेकम मध्यस्थीला आला तेव्हा लूएलिनने आपल्या तक्रारी लिहून दिल्या, आणि त्यांत आर्विस्टलीचा दावा ठळकपणे आहे. ११ डिसेंबरला मध्य वेल्समधल्या किल्मेरीजवळ लूएलिन मारला गेला. त्याचं शिर लंडनला गेलं, धड कुमहिरच्या मठात पुरल्याचं सांगतात. दावा लागला नाही तो नाहीच. आर्विस्टली ग्रिफिदकडे राहिली.

तुम्ही विचारलंय की आज त्या खोऱ्यात याची काही खूण आहे का. तिथल्या लानिड्लोएस गावच्या चर्चमध्ये आहे. सोळाव्या शतकात मठ बंद झाले, तेव्हा कुमहिरच्या मठातली पाच कमानींची दगडी ओळ उतरवून इथे आणून बसवली. एकेका खांबाभोवती बारीक दगडी दांड्यांचे जुडगे आहेत. ज्या मठात लूएलिनचं धड पुरल्याचं सांगतात, त्याच मठातल्या या कमानी आज आर्विस्टलीत उभ्या आहेत.

लेखातली ती दोन वाक्यं आज रात्री दुरुस्त करते. बाकीचा लेख आहे तसाच राहील.