कोथिंबीर जमा की नावे?

काल संध्याकाळी डहाणूकर कॉलनीतल्या भाजीवाल्या मावशींनी मला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. यात रडण्यासारखं काय, असं वाटेल. पण मावशींनी ती नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून दिली नाही, कीव येऊन दिली.

झालं असं, की या महिन्यापासून आम्ही घरचं बजेट करतोय. रुपया न् रुपया लिहायचा. मावशी म्हणाल्या, "एकशे पंधरा." मी मोबाईल काढून म्हटलं, "जरा वेगवेगळं सांगता का? भेंडी किती, टोमॅटो किती..." त्यांनी सांगितलं. भेंडी पंचवीस, टोमॅटो वीस, फ्लॉवर चाळीस. मी म्हटलं, "गवार राहिली." मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. आवाज उतरवून म्हणाल्या, "नोकरी गेली का हो दादा?"

"छे छे!" मी जरा जास्तच जोरात म्हणालो.

"असू द्या," म्हणत त्यांनी जुडी पिशवीत कोंबली. "जातील हेही दिवस."

एवढ्यावर निभावलं असतं. पण मागे एक काका उभे होते. हातात कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं. बँकेतून निवृत्त झाल्याचं त्यांनी तिसऱ्या वाक्यात सांगितलं, पण ते पेनांवरून आधीच कळलं होतं.

"बजेट करताय? उत्तम. ही कोथिंबीर कुठे धरणार?"

"कुठे म्हणजे? फुकट आहे ती."

"माल घरात आला ना? मग दहा रुपये जमा, किरकोळ उत्पन्न. आणि दहा रुपये भाजीखर्च. दोन्ही बाजू लागल्या पाहिजेत."

"पण मला दहा रुपये मिळाले कुठे?"

"मिळाले नाहीत. वाचले."

"मी कोथिंबीर घेणारच नव्हतो."

काका गंभीर झाले. "मग वाचलेही नाहीत," ते सावकाश म्हणाले. "मग ही देणगी."

मागून एक बाई पालक मागत होत्या, एक स्कूटरवाला हॉर्न बडवत होता. काकांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि "बघू" म्हणून मोबाईलच काढून घेतला. चष्मा कपाळावर, हात लांब, आणि मोठ्याने वाचन सुरू. "दूध... किराणा... केस कापणे दोनशे वीस." इथे थांबून त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "यांचे?" मावशी हसल्या. पालकवाल्या बाईही हसल्या.

"आणि हे काय? इतर, आठ हजार सातशे? सगळ्यात मोठं खातं इतर? अहो, आमच्याकडे याला सस्पेन्स अकाउंट म्हणत. कुठे टाकायचं कळलं नाही की तात्पुरतं तिथे टाकायचं आणि लवकरात लवकर रिकामं करायचं. तुम्ही तर तिथे बिऱ्हाड केलंत."

खाली ताळमेळात तीनशे चाळीस रुपयांचा फरक होता. तो पाहून त्यांनी विचारलं, "झोप लागते तुम्हाला?" मग चार आण्यांच्या फरकापायी अख्खी शाखा रात्री दहापर्यंत कशी बसली होती, ते ऐकवलं. चार आणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. काकांच्या मनातून नाही.

मी घरी आलो तो चडफडत. 'इतर'मध्ये काय आहे, हे विचारायची तसदी कुणी घेतली? सोसायटीचा मेंटेनन्स तिमाहीला येतो, गाडीचा विमा वर्षाला, सिलिंडर त्याला वाटेल तेव्हा संपतो. मे महिन्यात मुलगा घरी लोळत असतो, तरी शाळेच्या व्हॅनचे पैसे भरायचे, कारण 'सगळेच भरतात'. ते काय गरजेत टाकू? पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत असा एक नियम सांगतात. तो करणाऱ्याला एका महिन्यात दोन लग्नं, एक मुंज आणि गणपतीची वर्गणी आलेली नसणार. बजेट बसतं ते साध्या महिन्यात. लग्नाला अकरा वर्षं झाली, साधा महिना अजून आमच्याकडे आलेला नाही. (हापूसची पेटी ही गरज आहे, यावर मात्र घरात एकमत आहे.)

आईकडे तीन डबे होते. वाणी, दूध, आणि तिसऱ्याला नाव नव्हतं. वाण्याचा डबा रिकामा झाला की पोळीबरोबर पिठलं. पैसे संपल्याचा आवाज यायचा तेव्हा, पत्र्यावर बोटं लागल्याचा. आता स्पीकरवरची बाई 'प्राप्त हुए' म्हणून दुकानदाराला सांगते. माझे गेले, ते मला कुणी सांगत नाही. आणि तो बिननावाचा डबा म्हणजे 'इतर'च की! पण आईचा डबा भर रस्त्यात कुणी उघडून दाखवला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर हिशेबाला बसलो. काकांच्या नावाने बोटं मोडत का होईना, लिहिलं: किरकोळ उत्पन्न, कोथिंबीर, दहा रुपये. बेरीज मारली. तीनशे चाळीसचा फरक तीनशे पन्नास झाला.

बायको मागून वाकून बघत होती. "खर्चाच्या बाजूला कुठे लिहिलीस?"

"अजून वापरली कुठे आपण?" मी म्हणालो.

तिने फ्रीज उघडला, जुडी सोडून पाहिली आणि आतली अर्धी काळी पडलेली कोथिंबीर माझ्या मोबाईलवर आणून ठेवली. "ही कशात धरणार?"

मी 'इतर'मध्ये पाच रुपये लिहिले.