‘बिडाला मरण नाही’ हे खरं नाही

लाकूडकामाची हौस असलेल्यांमध्ये सध्या एक निरोप हातोहात फिरतोय. मला तो चार जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: “नवीन पत्र्याच्या मशीनवर पैसे घालवू नका. बंद पडलेल्या वखारीतून भंगाराच्या भावात जुनी बिडाची (ओतीव लोखंडाची) मशीन उचला. बिडाला मरण नाही. चार माणसं आणि एक छोटा हत्ती (टेम्पो) आणला की मशीन घरी. थ्री फेज मोटरला कपॅसिटर लावा, चालते. गार्ड नसला तरी घाबरू नका, जुन्या लोकांनी आयुष्यभर तसंच काम केलं. रंग खरवडा, तेल द्या, पुढची पन्नास वर्षं बघायला नको.”

जुनी मशीन घ्यावी, एवढं मला मान्य आहे. घरामागच्या शेडमध्ये माझी बँडसॉ (पट्ट्याची करवत) आणि रंधा मशीन दोन्ही जुनीच आहेत, आणि नव्या पत्र्याच्या मशीनशी मी त्यांची अदलाबदल करणार नाही. पण बाकीचा निरोप जसाच्या तसा पाळला तर कुणाची तरी मशीन फुटेल, नाहीतर बोटं जातील. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“बिडाला मरण नाही.” आहे, आणि ते फार पटकन येतं. बीड म्हणजे लोखंडात सुमारे अडीच ते चार टक्के कार्बन. या मशीनच्या राखाडी बिडात त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे थरथर गिळतात, म्हणूनच जुन्या रंधा मशीनच्या टेबलावर हात ठेवला तर चालू असतानाही ती शांत वाटते. पण चीर सुरू होते तीही त्याच पापुद्र्यांच्या कडांपासून. दाबाखाली बीड जेवढा भार सोसतं, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यातच ते ओढीखाली तुटतं. पोलाद तुटायच्या आधी वाकतं, निदान इशारा तरी देतं. बीड वाकत नाही. टक् असा आवाज येतो आणि काम संपतं.

मग ती मशीन साठ-सत्तर वर्षं टिकली कशी? कारण ती एका जागी, सपाट जमिनीवर उभी होती आणि तिचं वजन सरळ खाली पायांवर येत होतं. ज्या दिवशी तुम्ही तिला कलती करता, दोरीला टांगता, एका कोपऱ्यावर टेकवता, त्या दिवशी तिच्यावर ज्या प्रकारचा भार येतो त्यासाठी ती ओतलेलीच नसते. इतक्या वर्षांत झालं नाही ते नुकसान टेम्पोच्या फाळक्यावर दहा मिनिटांत होतं.

हे मी स्वतः केलेलं आहे. माझी बँडसॉ एका बंद होणाऱ्या वखारीतून आणली तेव्हा टेबल न काढताच चढवली. टेबलाखाली अर्धचंद्राच्या आकाराचा एक बिडाचा तुकडा असतो, ज्यावर टेबल तिरकं होतं. उतरवताना मशीन चार इंच घसरली आणि टेबलाची कड जमिनीला लागली. टेबलाला ओरखडाही नाही, पण खालच्या अर्धचंद्राचे दोन तुकडे. टेबल न काढण्याचा निर्णय माझा होता. चार बोल्ट होते, सोडवायला दहा मिनिटंही लागली नसती.

सुटा भाग कुठेच मिळाला नाही. शेवटी कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतून घेतला, आणि तिथे दुसरी चूक केली: तुटलेले तुकडे चिकटवून तेच नमुना म्हणून दिले. बीड गार होताना आकसतं, फुटामागे सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मूळ भागावरूनच साचा काढला तर नवा भाग लहानच येणार. मग सागाचा पॅटर्न त्या हिशोबाने वाढवून केला, घासून गुळगुळीत करण्याच्या बाजूंना आणखी माया ठेवली, तेव्हा दुसऱ्यांदा ओतलेला भाग बसला. यात एक पावसाळा गेला. ज्याला हे आवडतं त्याने जरूर करावं, पण “मरण नाही” म्हणणाऱ्याने हा पावसाळाही सांगायला हवा.

विकत घेण्याआधी चीर शोधता येते. संशयाच्या जागी रॉकेल लावा, थोडं मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चिरेत मुरलेलं रॉकेल पुडीवर रेघ काढतं. छोट्या हातोडीने टिचकी मारूनही कळतं: सलग बीड घंटेसारखं वाजतं, फुटलेलं बद्द वाजतं. पाय, बेअरिंगची घरं, टेबलाखालचे पातळ भाग आधी बघा. जुना रंग जाड असेल तर तिथे जास्त वेळ द्या, कारण ब्रेझिंग केलेला (पितळ वितळवून सांधलेला) जोड बरेचदा रंगाखालीच लपलेला असतो. जोड असणं वाईट नव्हे. नीट केलेलं ब्रेझिंग वर्षानुवर्षं टिकतं. फक्त तो आहे हे माहीत असावं.

“चार माणसं आणि एक छोटा हत्ती.” छोटा हत्ती साधारण 750 किलोंसाठी आहे. 36 इंची चाकांची जुनी बँडसॉ टनाच्या घरात जाते. पण लहान मशीनही घ्या. अमेरिकेत 1939 साली आलेली डेल्टा कंपनीची युनिसॉ ही 10 इंची गोल करवत साधारण 200 किलो भरते. चौघांत वाटली तर माणशी पन्नास किलो. आकडा सोपा वाटतो, पण त्या मशीनला कान नाहीत, मूठ नाही. मग माणसं जे बाहेर आलेलं दिसेल ते धरतात. रंधा मशीनची टेबलं लांब बाहेर आलेली असतात, म्हणून नेमकी तीच धरली जातात. ही टेबलं तिरक्या खाचांवर सरकतात. टोकाला धरून उचललं की तरफेसारखा सगळा ताण त्या खाचांवर येतो, टेबल सुतभर खाली झुकतं आणि पुढे कितीही रंधलं तरी फळीची कड सरळ येत नाही.

मशीन उचलायचीच नसते, सरकवायची असते. पायांना दोन लांब वासे बोल्टने कसा, म्हणजे बूड रुंद होतं आणि ती कलंडत नाही. पहारीने एक बाजू इंचभर वर, लगेच खाली लाकडी ठोकळा. जेवढं उचललं तेवढा टेकू, हात मात्र कधीच खाली नाही. वाशांखाली पाईपचे तुकडे घातले की दोन माणसं अर्धा टन आरामात ढकलतात. उंचीवर चढवायला तिकाटणं (तीन वाशांची तिवई) आणि चेन ब्लॉक (साखळीची कप्पी), आणि पट्टा मशीनच्या मुख्य सांगाड्याखालून. चाकाला, शाफ्टला, टेबलाला पट्टा लावायचा नाही. निघण्याआधी मोटर, टेबल, पातं उतरवा. आणि मदतीला आलेल्या प्रत्येकाला आधीच बजावून ठेवा: मशीन पडायला लागली तर सावरायला जायचं नाही, बाजूला व्हायचं.

वरच्या मजल्यावर नेणाऱ्यांसाठी एकच आकडा. राहत्या खोलीचा स्लॅब आपल्याकडच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 200 किलो चल भार (माणसं-सामानाचं वजन) धरून आखतात. सहाशे किलोंची मशीन चार लहान पायांवर चौरस मीटरभरात उभी राहते. इंजिनिअरला विचारल्याशिवाय ती तळमजल्याच्या वर नेऊ नका.

“थ्री फेज मोटरला कपॅसिटर लावा.” घरच्या सिंगल फेजवर ती फिरते, हे खरं. पण जोर साधारण दोन-तृतीयांशच मिळतो, सुरू होताना ती अडते आणि सलग कामाला तापते. त्यापेक्षा सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह बरा. मात्र 230 व्होल्ट आत घेणारा साधा ड्राइव्ह बाहेरही 230च देतो. मोटर 415 व्होल्टला स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) असेल तर ती डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) बदलावी लागते. जुन्या मोटरीत स्टारचा जोड बरेचदा वाइंडिंगच्या आतच असतो आणि बाहेर तीनच वायरी येतात. सहाही टोकं बाहेर काढून देणारा चांगला वाइंडर गाठावा लागतो. पाटीवर 415 डेल्टा लिहिलं असेल तर नाद सोडा आणि सिंगल फेज मोटर बसवा.

आणखी एक, पहिल्यांदा वीज द्याल तेव्हा गोल करवतीचं पातं काढून ठेवा. दोन फेज उलटसुलट लागले तर शाफ्ट उलटा फिरतो आणि पात्याचा नट आपोआप सुटू शकतो. आधी मोकळा शाफ्ट फिरवून दिशा बघा, मग पातं.

“जुन्या लोकांनी आयुष्यभर तसंच काम केलं.” या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण त्या लोकांचे हात मी पाहिले आहेत. जुन्या रंधा मशीनचा कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरता ठोकळा) काही वेळा चौकोनी असतो. चौकोन फिरतो तेव्हा त्याच्या सपाट बाजू आणि टेबलाच्या कडा यांच्यात मोठी फट पडते. बोट त्या फटीत गेलं तर ब्लॉक ते आत ओढतो. गोल ब्लॉकमध्ये ही फट फार कमी राहते आणि इजा झाली तरी खोल जात नाही. ब्रिटनने 1922च्या नियमांतच, हाताने लाकूड सरकवायच्या रंधा मशीनवर गोल ब्लॉक सक्तीचा केला होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हे धोक्याचं वाटलं होतं. आपल्याकडे 1948च्या कारखाना कायद्याच्या कलम 21नेही यंत्रांच्या धोकादायक भागांना आडोसा घालायला सांगितलं होतं, पण घरच्या शेडमध्ये तपासायला कुणी येत नाही. मशीन घेताना हात लावायच्या आधी ब्लॉक बघा. चौकोनी असेल तर गोल ब्लॉक करून घेण्याचा खर्च किमतीत धरा, नाहीतर ती मशीन सोडा.

“रंग खरवडा.” जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. कोरडा घासू नका, ओला करून काढा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि पोरांना तिकडे येऊ देऊ नका.

राहिलं “पुढची पन्नास वर्षं बघायला नको”. बघावंच लागतं. जागेवर आलेली मशीन लगेच जमिनीला कसली आणि एखादा पाय सुतभर अधांतरी असला, तर बोल्ट आवळताना तो पाय तरी फुटतो, नाहीतर सांगाडा पीळ खातो. आधी पाणसळ लावून प्रत्येक पायाखाली पत्र्याची पानं भरायची, मगच बोल्ट. माझ्या रंधा मशीनच्या मागच्या डाव्या पायाखाली अशी तीन पानं होती. दर जूनमध्ये टेबलांना मेण चोळताना मी पाणसळही लावतो. मागच्या वर्षी फरशी थोडी खचली होती, म्हणून चौथं पान घालावं लागलं.