छायाचित्र कोणाच्या कपाटात

कोकणातल्या हर्णै बंदरावरच्या माझ्या मावशीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यापासून घरच्या एकाही छायाचित्रात ती पदर सावरल्याशिवाय दिसत नाही. ओळखीतली एक तरुण छायाचित्रकार किनाऱ्यावरच्या बायकांचे सिझेरियनचे व्रण, ओघळलेली पोटे आणि मासळीच्या बर्फाने चिरलेले हात टिपू पाहते आहे, असे कळताच ‘ही तिकडची थेरं इकडे नकोत’ असे भावाने मला इथे लंडनला कळवले.

‘तिकडची’ म्हणावी अशी ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स (१९३४–१९९२) मला इथल्या एका प्रदर्शनात भेटली. पूर्वी लोकांची लग्नाची आणि कुटुंबाची हसरी छायाचित्रे काढून देणाऱ्या या बाईला १९८२ साली स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. स्तन काढून टाकण्यास तिने नकार दिला, फक्त गाठ काढू दिली, आणि शस्त्रक्रियेपूर्वी स्तनावर ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ असे लिहून तसे छायाचित्र काढवून घेतले. त्या प्रश्नचिन्हापुढून माझा पाय निघेना, कारण मावशीला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. शस्त्रक्रियेच्या संमतीच्या कागदावर सही काकांची होती.

भावाला मी शेजारच्या मुरूडची आठवण दिली. तिथे जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक ज्ञानाचे मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. उघड्या शरीराचा वाद आपल्याकडे आयात करावा लागलेला नाही. मात्र मी पाहिलेल्या अंकांच्या मुखपृष्ठांवरची नग्न शरीरे तरुण आणि सुडौल होती. मासळीच्या लिलावातून पाटी उचलताना वाकणारी पाठ तिथेही नव्हती, आणि म्हणूनच या मुलीचे काम मला मोलाचे वाटते.

तरीही भावाच्या म्हणण्यातली एक भीती खरी आहे. लंडनच्या दालनात व्रण पाहणारा माणूस रस्त्यावर आला की त्या बाईला ओळखत नाही. हर्णैत मात्र हात पाहूनच हा कोणाचा हे बंदरावरचे पोर सांगेल, आणि उद्या बाजारात मासळी विकायला बसायचे आहे ते त्या बाईला, छायाचित्रकाराला नव्हे. स्पेन्स आपल्याच शरीराबद्दल बोलत होती, इथे दुसरीच्या शरीराचा प्रश्न आहे.

मावशीला मी फोनवर विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘काढू दे की तिला. पण फोटो माझ्या कपाटात राहील. कोणाला दाखवायचा ते मी बघेन.’ तिचे हे म्हणणे मी त्या मुलीला अट म्हणून जसेच्या तसे लिहून पाठवले आहे.