दरांच्या फाइलबाबत आपण घेतलेल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मोरजी येथील अतिथिगृहाच्या संकेतस्थळाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. बुकिंग कंपनीकडून येणाऱ्या एक्सएमएल (माहिती ठरावीक खुणांमध्ये मांडण्याची पद्धत) फाइलमधून खोलीचा दर उचलणे हे दोन ओळींचे काम असताना आम्ही त्याचे वेगळे बिल लावले, आणि एवढे करूनही फॅमिली रूमसमोर आकड्याऐवजी ‘दरासाठी फोन करा’ असे दिसते, असे आपले म्हणणे आहे. हा अभिप्राय किनारपट्टीवरील इतर हॉटेलमालकही वाचतील, म्हणून सविस्तर उत्तर देणे आम्हाला योग्य वाटते.

त्या फाइलमध्ये प्रत्येक खोलीचा एक टॅग (कोनी कंसांत लिहिलेली खूण) असतो आणि प्रकार, दर, चलन ही माहिती त्या टॅगच्या आतच ॲट्रिब्यूट, म्हणजे नाव आणि त्याचे मूल्य अशी जोडी, म्हणून येते: टाइप="डिलक्स" रेट="४५००" करन्सी="आयएनआर". आपली जुनी स्क्रिप्ट (संकेतस्थळामागचा छोटा प्रोग्राम) ही फाइल साधा मजकूर समजून वाचत असे आणि दुसऱ्या अवतरणचिन्हांत जे सापडेल तो दर मानत असे. परंतु १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएलच्या मानकानुसार टॅगमधील ॲट्रिब्यूटच्या क्रमाला काहीही अर्थ नसतो. पाठवणाऱ्याने उद्या चलन आधी आणि दर नंतर लिहिला, किंवा दुहेरी अवतरणाऐवजी एकेरी वापरले, तरी फाइल पूर्णपणे बिनचूकच राहते. तसा क्रम बदलला, दराच्या जागी ‘आयएनआर’ ही अक्षरे झळकू लागली, आणि त्याच कारणाने आपण आमच्याकडे आला होता.

नवी स्क्रिप्ट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील सिंपलएक्सएमएल या एक्सएमएल वाचणाऱ्या साधनाने फाइल वाचते आणि ॲट्रिब्यूट त्याच्या नावाने मागते. ही मागणी खरोखरच एका ओळीची आहे, हे आम्ही मान्य करतो. मेहनत त्यापुढची आहे. हाती येते ती मजकुराची ओळ नसून एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्या मजकुराला गुंडाळून ठेवणारी प्रोग्राममधील वस्तू, असतो. तो पानावर छापला तर सगळे ठीक दिसते, पण ‘डिलक्स’ या शब्दाशी काटेकोर तुलना केली तर उत्तर नकारार्थी येते आणि सेशनमध्ये (पाहुण्याच्या भेटीपुरती माहिती ठेवण्याच्या जागेत) साठवू गेल्यास स्क्रिप्ट त्रुटी दाखवून थांबते. म्हणून प्रत्येक मूल्य आधी मजकुरात बदलून मगच पुढे वापरावे लागते. सवलतीचे ॲट्रिब्यूट तर नेमस्पेसच्या (नावे कोणत्या गटातली हे सांगणाऱ्या ओळखीच्या) उपसर्गासह येते, त्यामुळे ते नुसत्या नावाने सापडतच नाही. त्याचा नेमस्पेस वेगळा सांगावा लागतो.

आता फॅमिली रूमविषयी. आपल्याला मिळणाऱ्या फाइलमध्ये त्या खोलीच्या टॅगला रेट हे ॲट्रिब्यूटच नाही. नसलेल्या मूल्याचा थेट आकडा केला तर पीएचपी शून्य देते आणि कोठेही तक्रार करत नाही. नाताळच्या दिवसांत समुद्राजवळची खोली शून्य रुपयांना दिसली आणि एखाद्या कुटुंबाने ती आरक्षित केली, तर त्या पाहुण्यांना दारात काय सांगायचे? म्हणूनच ॲट्रिब्यूट आहे की नाही हे आधी तपासायचे आणि नसल्यास आकडा न दाखवता फोन करण्याची सूचना दाखवायची, असे आम्ही विचारपूर्वक ठरवले. आम्हाला ही स्क्रिप्टमधली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते आणि आपल्या नाराजीनंतरही ती काढून टाकण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

बिलाचे म्हणाल तर वरील सर्व कामे अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे लिहिलेली आहेत आणि काम सुरू होण्याआधी ते आपल्याला दिले होते.

बुकिंग कंपनीच्या आपल्या खात्यात फॅमिली रूमचा दर भरावा, अशी विनंती आहे. तो फाइलमध्ये आला की संकेतस्थळावर आपोआप दिसेल. आमच्याकडून काहीही बदलावे लागणार नाही. दर नसलेली खोली यादीतून पूर्णपणे वगळावी असे आपल्याला वाटत असल्यास तसे कळवावे. तो बदल आम्ही वेगळे शुल्क न घेता करून देऊ. मात्र डिसेंबरची गर्दी सुरू होण्याआधी कळवल्यास बरे होईल.